उजेड पोचतो तिथवर

घाणेरीला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पण चाराटंचाईच्या दिवसांत, किंवा बाजारातून नवं आणलेलं जनावर रानात मोकळं सोडलं तर, भुकेपोटी तो पाला खाल्ला जातो. दोन-चार दिवसांत जनावराचं खाणं आणि रवंथ मंदावतं, डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागतो आणि उन्हात उभं राहिलं की कातडी भाजल्यासारखी तडकून सोलायला लागते. जनावर काळं-पांढरं असेल तर पांढरे पट्टेच भाजतात, काळा भाग शाबूत राहतो. पशुवैद्याची पहिली सूचना असते, आधी सावलीत बांधा.

यामागचं कारण असं. घाणेरीतल्या विषाने यकृत बिघडतं. हिरवा चारा पचताना त्यातल्या हरितद्रव्यापासून फायलोएरिथ्रिन नावाचं एक द्रव्य पोटात तयार होत असतं. यकृत धड असेल तर ते पित्तावाटे निघून जातं. यकृतच बिघडलं की ते रक्तात साचतं आणि कातडीपर्यंत पोचतं. अंधारात ते तिथे निमूट पडून राहतं. ऊन पडलं की मात्र ते उन्हातली ऊर्जा शोषून शेजारच्या प्राणवायूला देतं आणि तो चेकाळलेला प्राणवायू आसपासच्या पेशी जाळत सुटतो. काळ्या कातडीतलं मेलॅनिन ऊन वरच्या वर अडवतं, म्हणून ती वाचते.

विशिष्ट द्रव्य, उजेड आणि प्राणवायू. वेगवेगळे असताना तिघंही निरुपद्रवी. एका जागी एका वेळी आले की घातक. हीच घटना डॉक्टर कर्करोगाच्या गाठीत किंवा जंतू साचलेल्या जखमेत मुद्दाम घडवून आणतात. तिला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. बोलताना नुसतं पीडीटी. तिघं भेटतील तेवढ्याच जागी काम होतं, बाहेर काही होत नाही. या उपचाराचं सगळं बळ त्यात आहे आणि सगळी मर्यादाही त्यातच आहे.

हा शोध म्युनिकमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या गोंधळातून लागला. ऑस्कर राब १८९७-९८च्या हिवाळ्यात प्राध्यापक हेर्मान फॉन टापाइनर यांच्या हाताखाली काम करत होता. अ‍ॅक्रिडिन हे रंगद्रव्य पॅरामिशियम या एकपेशीय जिवाला किती विषारी ठरतं, एवढंच त्याला मोजायचं होतं. पण मोजमाप जुळेना. त्याच तीव्रतेच्या द्रावणात ते जीव एका दिवशी पटकन मरत, दुसऱ्या दिवशी तासन्‌तास तगत. एका दिवशी बाहेर वादळ होऊन अंधारून आलं होतं, अशी गोष्ट या बाबतीत सांगतात. ती तशीच्या तशी खरी असो वा नसो, राबने फरक नेमका पकडला. खोलीत उजेड जास्त, तर मरण लवकर. त्याचा निबंध १९०० साली छापून आला. टापाइनर यांनी १९०३मध्ये येसिओनेक या त्वचारोगतज्ज्ञासोबत इओसिन हा रंग त्वचेच्या गाठींवर लावून त्यांवर प्रकाश टाकून पाहिला. पुढच्याच वर्षी योडलबाउर यांच्याबरोबर त्यांनी दाखवून दिलं की प्राणवायू नसेल तर हा परिणाम होत नाही. 'फोटोडायनॅमिक' हे नावही त्यांचंच.

माणसाच्या शरीरात हे किती जोरात होऊ शकतं, ते फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने १९१२मध्ये स्वतःवरच करून पाहिलं. रक्तातल्या हिमोग्लोबिनपासून काढलेलं हिमॅटोपॉर्फिरिन हे द्रव्य त्याने २०० मिलिग्रॅम एवढं टोचून घेतलं आणि उन्हात गेला. चेहरा आणि हात ओळखू येऊ नयेत इतके सुजले आणि पुढचे दोन महिने त्याला ऊन सोसवेना. आज कुठलीही नैतिकता समिती या प्रयोगाला परवानगी देणार नाही. पण पॉर्फिरिन कुळातली द्रव्यं उजेडात काय करतात, हे त्यानंतर कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. घाणेरीच्या गुरांमधलं फायलोएरिथ्रिनही त्याच कुळातलं.

आता हे पेशीच्या आत नेमकं कसं घडतं ते पाहू. रंगद्रव्याचा रेणू योग्य रंगाचा प्रकाशकण शोषतो आणि उत्तेजित होतो. या अवस्थेतून बहुतेक रेणू क्षणार्धात ती ऊर्जा चमक किंवा उष्णता म्हणून सोडून मोकळे होतात. पीडीटीला लागणारे रेणू वेगळे असतात. ते ट्रिपलेट नावाच्या दुसऱ्या उत्तेजित अवस्थेत सरकतात आणि तिथे जरा जास्त वेळ टिकतात. हा 'जास्त वेळ' सेकंदाच्या लाखाव्या भागांत मोजावा लागतो, पण शेजारून जाणाऱ्या प्राणवायूच्या रेणूला गाठायला तो पुरतो. गाठ पडली की ऊर्जा प्राणवायूकडे जाते आणि चेकाळलेला प्राणवायू, म्हणजेच सिंगलेट ऑक्सिजन, तयार होतो. कधी ऊर्जेऐवजी इलेक्ट्रॉनची देवघेव होते आणि त्यातून दुसरे दाहक मूलक निर्माण होतात. रंगद्रव्याचा रेणू इथे दलालासारखा वागतो. एकाकडून घ्यायचं, दुसऱ्याला द्यायचं आणि पुढच्या व्यवहाराला मोकळं व्हायचं. म्हणूनच औषध थोडंसं पुरतं.

सिंगलेट ऑक्सिजनचं आयुष्य पाण्यातसुद्धा काही मायक्रोसेकंदांचं. पेशीतल्या गर्दीत त्याहूनही कमी. तेवढ्यात तो शंभरेक नॅनोमीटर जाऊ शकतो. आपली एक पेशी साधारण दहा-वीस हजार नॅनोमीटर रुंद असते. म्हणजे तो जिथे जन्मतो त्याच पेशीतल्या त्याच कोपऱ्यात तो संपतो. शेजारच्या निरोगी पेशीपर्यंत त्याची मजल जात नाही. केमोथेरपीचं औषध अंगभर फिरतं आणि केसांच्या मुळांपासून आतड्यांच्या अस्तरापर्यंत सगळ्यांना चटका देतं. हा मात्र जागचा हलत नाही.

इथे बावचीची आठवण येईल. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसायचा उपाय आयुर्वेदात जुना आहे आणि बावचीतलं सोरालेन आधुनिक त्वचारोगतज्ज्ञही अतिनील किरणांसोबत वापरतात. पण त्याची रीत वेगळी आहे. सोरालेन प्रकाश पडल्यावर थेट डीएनएला चिकटतं. त्याला प्राणवायूच्या मध्यस्थीची गरज नाही. हेच तत्त्व वापरून रिचर्ड एडल्सन यांनी १९८७मध्ये त्वचेत पसरणाऱ्या एका लिम्फोमावर उपचार शोधला. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर काढायच्या, सोरालेन आणि अतिनील किरण देऊन त्या परत शरीरात सोडायच्या. तो आजही वापरात आहे. मात्र बावचीचं तेल घरच्या घरी चोपडून दुपारच्या उन्हात बसणारे लोक फोड घेऊन दवाखान्यात येतात. मात्रा आणि वेळ चुकली की प्रकाश काय करतो, ते तिथे दिसतं.

पीडीटीची आधुनिक कहाणी अमेरिकेत बफेलो शहरातल्या रॉसवेल पार्क कर्करोग संस्थेत सुरू झाली. थॉमस डॉअर्टी हे तिथले रसायनशास्त्रज्ञ. हिमॅटोपॉर्फिरिनपासून बनवलेलं मिश्रण गाठीत साचतं, हे आधी मेयो क्लिनिकमध्ये दिसलं होतं, पण तिथे त्याचा उपयोग मुख्यतः गाठ चमकवून ओळखण्यासाठी होत होता. डॉअर्टींनी त्यावर लाल प्रकाश टाकला. १९७८मध्ये त्यांनी २५ रुग्णांच्या ११३ गाठींचे निष्कर्ष छापले. दोन सोडून बाकी सगळ्या पूर्णतः किंवा अंशतः विरघळल्या होत्या. त्यातूनच फोटोफ्रिन हे औषध आलं. कॅनडाने १९९३मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगासाठी त्याला परवानगी दिली, तर अमेरिकेने १९९५मध्ये अन्ननलिका अडवणाऱ्या कर्करोगासाठी.

लालच प्रकाश का, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. रात्री मोबाइलचा टॉर्च बोटांना टेकवून बघा. पांढऱ्या उजेडातला फक्त लाल भाग पलीकडे येतो. निळा आणि हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन आणि त्वचेतलं मेलॅनिन गिळून टाकतं. लाल प्रकाश, म्हणजे ६०० ते ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, काही मिलिमीटर आत शिरतो. फार तर एक सेंटिमीटर. मग आणखी लांब तरंगलांबीचा, अवरक्त प्रकाश का वापरत नाहीत? तो अजून खोल जातो हे खरं, पण साधारण ८५० नॅनोमीटरपुढे एका प्रकाशकणात सिंगलेट ऑक्सिजन घडवण्याइतकी ऊर्जाच उरत नाही. खोली आणि ताकद यांच्या ओढाताणीत ही अरुंद खिडकी उरते आणि सगळी औषधं तिच्यातच बसवावी लागतात. फोटोफ्रिनसाठी ६३० नॅनोमीटरचा लाल लेझर वापरतात.

अन्ननलिकेत गाठ वाढून घास उतरेनासा झालेला रुग्ण घ्या. पहिल्या दिवशी शिरेतून फोटोफ्रिन दिलं जातं, वजनाच्या दर किलोला दोन मिलिग्रॅम. औषध अंगभर पसरतं. पुढचे ४० ते ५० तास काहीच करायचं नसतं. या वेळात निरोगी अवयवांतून बरंचसं औषध ओसरतं. गाठीतल्या रक्तवाहिन्या ओबडधोबड आणि गळक्या असतात, निचराही नीट होत नसतो, म्हणून तिथे ते रेंगाळतं. मग रुग्णाला एंडोस्कोपीसाठी नेतात, जिला आपण 'दुर्बीण घालणं' म्हणतो. त्या नळीतून केसासारखा बारीक काचतंतू गाठीपाशी नेतात. त्याच्या टोकाशी एक-दोन सेंटिमीटरचा भाग असा असतो की प्रकाश चहूबाजूंना सारखा पसरतो. साडेबारा मिनिटं लेझर चालू राहतो. तो कापत नाही, जाळत नाही, रुग्णाला ऊबही फारशी जाणवत नाही. शस्त्रक्रियेतल्या लेझरशी याची गल्लत होते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा दुर्बीण घालून मेलेला भाग खरवडून काढतात आणि वाट मोकळी होते.

गाठ तीन वाटांनी मरते. काही पेशी थेट सिंगलेट ऑक्सिजनने मरतात. गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होऊन त्या गोठतात आणि गाठ उपाशी मरते. फोटोफ्रिनच्या बाबतीत हा वाटा मोठा असतो. तिसरी वाट प्रतिकारशक्तीची. इतक्या पेशी अचानक फुटल्या की त्यांचे तुकडे पाहून शरीराचे पहारेकरी जागे होतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे ठळक दिसलं आहे. माणसांत त्याच्यावर किती भिस्त ठेवावी, याबाबत मी तरी सावध राहीन.

आणखी एक बारकावा. प्रकाश फार प्रखर टाकला तर गाठीतला प्राणवायू रक्तातून नवा यायच्या आत संपून जातो आणि पुढचा सगळा प्रकाश वाया जातो. म्हणून काही ठिकाणी प्रकाश मंद ठेवतात किंवा मध्ये थांबून दोन हप्त्यांत देतात. मोठ्या गाठींच्या मध्यभागी प्राणवायू मुळातच कमी असतो, तिथे पीडीटी लंगडी पडते.

खरी कसोटी घरी गेल्यावर लागते. फोटोफ्रिन त्वचेतही थोडं राहतं, म्हणून किमान ३० दिवस ऊन आणि प्रखर दिवे टाळावे लागतात. कोपनहेगनमध्ये डिसेंबरात हे जमून जाईल. सोलापूरच्या एप्रिलात काय होईल याची कल्पना करा. सनस्क्रीन लावून भागत नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि हे औषध दिसणाऱ्या प्रकाशाने चेततं. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, टोपी, गडद चष्मा हवा. पण अंधाऱ्या खोलीत कोंडून घेणंही चुकीचंच. घरातल्या साध्या मंद उजेडात त्वचेतलं औषध हळूहळू निकामी होत जातं. अंधारात बसलं तर ते तसंच राहतं आणि महिन्याने बाहेर पडल्यावर चटका बसतो.

या महिनाभराच्या शिक्षेवर १९९०मध्ये कॅनडातल्या किंग्स्टन इथे केनेडी आणि पॉटियर यांनी एक देखणा तोडगा शोधला. तयार रंगद्रव्य द्यायचंच नाही. कच्चा माल द्यायचा आणि पेशीलाच ते बनवू द्यायचं. आपली जवळपास प्रत्येक पेशी हीम नावाचं लोहयुक्त द्रव्य बनवत असते. त्या साखळीतलं सुरुवातीचं द्रव्य म्हणजे अमायनोलेव्ह्युलिनिक आम्ल, थोडक्यात एएलए. शेवटून दुसरं म्हणजे प्रोटोपॉर्फिरिन नऊ. शेवटच्या पायरीवर त्यात लोह बसवलं की हीम तयार होतं. लोह बसण्याआधीचं प्रोटोपॉर्फिरिन प्रकाशाने चेततं, लोह बसलेलं हीम चेतत नाही. बऱ्याच कर्कपेशींमध्ये ही शेवटची पायरी अडखळते. बाहेरून भरपूर एएलए दिलं की निरोगी पेशी त्याचं हीम करून टाकतात, कर्कपेशींत मात्र प्रोटोपॉर्फिरिन तुंबतं. औषध एक-दोन दिवसांत शरीरातून निघून जातं.

एएलएचं मलम युरोप-अमेरिकेत उन्हाने खराब झालेल्या गोऱ्या त्वचेवरच्या कर्करोगपूर्व खरबरीत चट्ट्यांवर सर्रास वापरतात. मलम लावून झाकायचं, काही तासांनी दिव्याखाली बसायचं. चांगलीच आग होते. नर्स शेजारी पंखा धरून बसते. आपल्या सावळ्या त्वचेत हे चट्टे विरळा, शिवाय मेलॅनिन प्रकाश अडवतं, त्यामुळे आपल्याकडे या वापराला फार वाव नाही.

दुसरा वापर मात्र जगभर उपयोगी पडला आहे. मेंदूतल्या ग्लायोमा या गाठीच्या शस्त्रक्रियेत गाठ कुठे संपते आणि मेंदू कुठे सुरू होतो, हे पांढऱ्या उजेडात डोळ्यांना कळत नाही. भूल देण्याच्या तीनेक तास आधी रुग्णाला एएलए पाण्यात विरघळवून प्यायला देतात. शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाचा निळा-जांभळा दिवा लावला की गाठ लालसर गुलाबी चमकते. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत या पद्धतीने दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण ६५ टक्के होतं. नेहमीच्या पद्धतीने ३६ टक्के. इथे प्रकाश मारत नाही, नुसता दाखवतो, पण रसायन तेच.

जपानने २०२०मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिसाताका कोबायाशी यांनी रंगद्रव्य थेट प्रतिपिंडाला जोडलं. हे प्रतिपिंड कर्कपेशींच्या पृष्ठभागावरची ठरावीक खूण शोधून चिकटतं. दुसऱ्या दिवशी ६९० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की रंगद्रव्याच्या रेणूचा आकार बदलतो, पेशीचं आवरण फाटतं आणि पेशी फुगून फुटते. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी जपानमध्ये याला सशर्त मान्यता मिळाली. निवडकपणात हे फोटोफ्रिनच्या कितीतरी पुढे आहे. खर्चातही.

आता जंतूंकडे वळू. खरं तर प्रकाशाचा पहिला मोठा विजय जंतूंवरचाच. फॅरो बेटांवर जन्मलेले नील्स फिन्सेन यांनी कोपनहेगनमध्ये १८९६ साली संस्था काढली आणि चेहरा खाऊन टाकणाऱ्या त्वचेच्या क्षयावर कार्बन दिव्याचा प्रकाश भिंगांतून एकवटून टाकायला सुरुवात केली. परिचारिका पाण्याने गार ठेवलेलं भिंग त्वचेवर तासभर दाबून धरत, कारण दाबाने तिथलं रक्त हटतं आणि प्रकाश खोल जातो. हिमोग्लोबिनची अडचण त्यांनी अनुभवानेच ओळखली होती. पहिल्या पाच वर्षांत आठशेवर रुग्णांवर उपचार झाले. १९०३चं नोबेल फिन्सेन यांना मिळालं आणि पुढच्या वर्षी, वयाच्या ४३व्या वर्षी, ते गेले. अतिनील किरणांनी जंतू मरत असावेत असाच समज शंभर वर्षं होता. २००५मध्ये डेन्मार्कच्याच संशोधकांनी फिन्सेन यांची जुनी भिंगं तपासली, तर ती जंतुनाशक अतिनील किरण पलीकडे जाऊच देत नव्हती. क्षयाच्या जंतूंमध्ये मात्र त्यांना पॉर्फिरिन सापडलं. म्हणजे जंतूंचंच रंगद्रव्य आणि दिव्याचा प्रकाश यांनी काम केलं असावं. राबचा निबंध छापून येत होता त्याच वर्षांत फिन्सेन नकळत पीडीटी करत होते.

पुढे पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन आली आणि दिवे अडगळीत गेले. ते परत काढावे लागले, कारण प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढले. २०१९मध्ये अशा संसर्गांनी थेट घडवलेले मृत्यू जगभरात १२ लाख ७० हजारांच्या घरात गेले, असा अंदाज आहे.

प्रतिजैविक जंतूच्या यंत्रणेतला एखादाच भाग धरून बसतं. जंतूने तो भाग किंचित बदलला, किंवा औषध तोडणारं विकर बनवलं, किंवा ते बाहेर उपसून टाकलं, की औषध संपलं. सिंगलेट ऑक्सिजन आवरण, प्रथिनं, डीएनए, जे हाताला लागेल ते एकाच वेळी फोडतो. एवढं सगळं एकदम बदलणं जंतूला जड जातं. शिवाय प्रतिजैविकांविरुद्ध कमावलेली हत्यारं इथे चालत नाहीत. एमआरएसए नावाने रुग्णालयांना छळणारा स्टॅफिलोकॉकस आणि त्याचा साधा भाऊ, दोघं प्रकाशाखाली जवळपास सारखेच मरतात. जंतू कधीच जुळवून घेणार नाहीत अशी हमी कुणी देऊ नये, पण प्रतिजैविकांच्या बाबतीत दिसते तशी झपाट्याने वाढणारी प्रतिकारक्षमता इथे दिसलेली नाही.

सगळे जंतू सारखे सोपे मात्र नसतात. स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंची भिंत जाड असली तरी सच्छिद्र असते; रंग सहज आत जातो. ई. कोलाय, स्यूडोमोनास, क्लेब्सिएला या ग्रॅम-निगेटिव्ह मंडळींना बाहेरून आणखी एक आवरण असतं आणि त्यावर ऋण विद्युतभार असतो. कर्करोगाची बरीच रंगद्रव्यं तिथेच अडतात. १९९०च्या दशकात कळलं की धन भार असलेला रंग वापरला तर तो त्या आवरणाला चिकटतो आणि वाट काढतो. असा एक रंग हाताशी होताच. मिथिलीन ब्लू. १८७६मध्ये कापड रंगवायला बनवलेला आणि १८९१मध्ये पाउल एर्लिक यांनी हिवतापावर वापरून पाहिलेला. जंतू तो काही मिनिटांत उचलतात, आपल्या पेशींना जास्त वेळ लागतो. म्हणून रंग लावल्यावर फार थांबायचं नाही, लगेच प्रकाश टाकायचा. कर्करोगात दोन दिवस वाट पाहायची, इथे दोन मिनिटं.

व्हँकुव्हरच्या मुख्य रुग्णालयात मोठ्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या नाकपुड्यांत मिथिलीन ब्लू लावून लाल प्रकाश टाकू लागले. जखमेत जाणारा स्टॅफिलोकॉकस बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या नाकातूनच आलेला असतो. सोबत अंगाला जंतुनाशकाने पुसलं जाई. २०१४च्या अहवालात अशा ३०६८ रुग्णांमध्ये जखम पिकण्याचं प्रमाण १.६ टक्के निघालं. आधीच्या चार वर्षांत ते २.७ टक्के होतं. तुलना जुन्या नोंदींशी आहे आणि श्रेय पुसण्यालाही जातं, हे लक्षात ठेवूनही आकडा दखल घेण्यासारखा आहे.

डोळ्याच्या बुबुळावरची बुरशी हे दुसरं उदाहरण, आणि ते आपल्या जवळचं. उसाचं पातं किंवा भाताचं तूस डोळ्यात जाऊन बुबुळाला बुरशी धरते. औषधं हट्टी बुरशीला पुरत नाहीत आणि डोळा जातो. मायामीतल्या डॉक्टरांनी 'रोज बेंगाल' हा रंग आणि हिरवा प्रकाश वापरून २०१९मध्ये बुबुळाला संसर्ग झालेल्या १८ रुग्णांचे निष्कर्ष दिले; त्यांतल्या काहींचा संसर्ग बुरशीचा होता. औषधांना दाद न देणाऱ्या या डोळ्यांपैकी ७२ टक्क्यांचं तातडीचं बुबुळ-रोपण टळलं. अभ्यास लहान आहे आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. पण कल्पना नेमक्या जागी बसते. बुबुळ पारदर्शक आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, म्हणून हिरवा प्रकाशही चालतो.

निळ्या प्रकाशाला तर बाहेरचा रंगही लागत नाही, कारण मुरुमांच्या जंतूंसह बऱ्याच जंतूंमध्ये स्वतःचं पॉर्फिरिन असतं. बॉस्टन विद्यापीठातल्या गटाने २०१९मध्ये आणखी एक युक्ती काढली. स्टॅफिलोकॉकसचा सोनेरी रंग हीच त्याची ढाल असते. ४६० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने तो रंग उडतो आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड त्याला सहज मारतं.

एवढं असूनही प्रतिजैविकांची जागा प्रकाश घेणार नाही. न्यूमोनिया झालेल्या फुप्फुसात, रक्तात पसरलेल्या जंतुदोषात, हाडाच्या आत रंग पोचवणं आणि प्रकाश पोचवणं दोन्ही अवघड. हिरड्या, जखमा, नाक, डोळा, रक्तपेढीतल्या प्लाझ्माच्या पातळ पिशव्या, ही त्याची रणभूमी. कर्करोगातही तेच. यकृतात, हाडांत पसरलेल्या रोगाला प्रकाशाने गाठता येत नाही. 'लेझरने कॅन्सर बरा' अशा जाहिराती दिसल्या तर कुठलं औषध, किती नॅनोमीटरचा प्रकाश आणि गाठ किती खोल, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात ठेवा. घरी लावायचे लाल-निळे दिवे या उपचारात मोडत नाहीत.

आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं काम अलीगढमध्ये झालं आहे. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाने बॉस्टनच्या तय्यबा हसन आणि जोनाथन सेली यांच्या गटांसोबत तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगावर एएलए वापरून पाहिलं. महाग लेझरऐवजी बॅटरीवर चालणारे एलईडी आणि गाठ किती चमकते ते पाहायला स्मार्टफोन. जिथे रेडिओथेरपीचं यंत्र शेकडो किलोमीटर लांब आहे, तिथे असं साधन पिशवीत घालून नेता येतं. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. ती टपरीवर कितपत दिसते ते सगळे जाणतात, आणि मावा, मिशेरी, तंबाखू-चुना चालूच आहेत.

पण ही उपकरणं उद्या तालुक्याच्या दवाखान्यात आली तरी त्यांचा प्रकाश जेमतेम सेंटिमीटरभरच आत जाणार. गाठ त्याआधी सापडायला हवी. तंबाखू खाणाऱ्या घरातल्या माणसाचं तोंड महिन्यातून एकदा उजेडात नीट पाहा: गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर दुखत नसली तरी दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा आणि त्यांनी तुकडा तपासायला सांगितला तर लांबणीवर टाकू नका.